सरकारी कंपनी विकली, आता आमचं काय? पुणे-पिंपरीतल्या कामगारांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर रविवारी सकाळी पिंपरीत आम्ही सात-आठ जण बसतो. सगळे सरकारी कंपन्यांतून व्हीआरएस (स्वेच्छानिवृत्ती) घेऊन किंवा कपातीत बाहेर पडलेले. खडकी, देहूरोड, भोसरी, कधी दौंडहूनसुद्धा माणसं येतात, हातात कागदांची पिशवी असते आणि प्रश्न बहुतेक तेच असतात. म्हणून उत्तरं एका जागी लिहून काढली. प्रश्न लोकांनी विचारले तसेच ठेवले आहेत.

१. कंपनीचं खासगीकरण होणार म्हणतात. म्हणजे नोकरी गेलीच का?

नाही. आधी नेमकं काय घडतंय ते विचारा, कारण ‘खासगीकरण’ या एका शब्दाखाली लोक तीन वेगळ्या गोष्टी सांगतात.

पहिली, सरकार आपले शेअर विकतं आणि कंपनी तीच राहते. एअर इंडिया २७ जानेवारी २०२२ रोजी टाटांकडे गेली ती अशी. तिथे पहिलं एक वर्ष कोणालाही कामावरून कमी करायचं नाही, अशी अट विक्रीतच होती. दुसरी गोष्ट, सरकारी खात्याची कंपनी होते, पण मालक सरकारच राहतं. १ ऑक्टोबर २०२१ पासून देशातल्या ४१ आयुध कारखान्यांच्या सात सरकारी कंपन्या झाल्या. खडकी आणि देहूरोडचे कारखाने म्युनिशन्स इंडियाकडे गेले, तिचं मुख्यालय पुण्यातच आहे. याला निगमीकरण म्हणतात. तिथले जुने कर्मचारी प्रतिनियुक्तीवर धरले गेले, म्हणजे नोकरी सरकारचीच, काम नव्या कंपनीत. तिसरी गोष्ट, कंपनीच बंद होते. नोकरी थेट जाते ती या तिसऱ्या प्रकारात. पहिल्या प्रकारात ती हळूहळू जाते, बहुतेक वेळा व्हीआरएसच्या दारातून.

२. शेअर विकणं आणि कारखाना विकणं यात कामगाराला काय फरक पडतो?

खूप पडतो. शेअर विकले तर तुमचा मालक, म्हणजे कंपनी, कायद्याच्या नजरेत बदललाच नाही. सेवा अखंड आणि करार तसाच चालू. त्यामुळे ‘मालक बदलला, भरपाई द्या’ असं म्हणता येत नाही.

कारखाना किंवा युनिट उचलून दुसऱ्या कंपनीला दिलं तर नियम वेगळा. तिथे तीन गोष्टी पाळल्या गेल्या पाहिजेत: सेवा खंडित होता कामा नये, नव्या ठिकाणच्या अटी आधीपेक्षा कमी नसाव्यात, आणि पुढे कधी कपात झाली तर नव्या मालकाने जुनी सगळी वर्षं धरून भरपाई द्यावी. यातली एक जरी तुटली तरी कपात झाल्यासारखी नोटीस आणि भरपाई मागता येते. नव्या कंपनीचं पत्र आलं की त्यात ‘सेवा पूर्वीपासून अखंड धरली जाईल’ हे वाक्य शोधा. नसेल तर लेखी मागून घ्या.

३. युनियनने कोर्टात जाऊन विक्री थांबवता येते का?

आशा लावून बसू नका. छत्तीसगडमधल्या बाल्को या सरकारी कंपनीचे ५१ टक्के शेअर २००१ मध्ये स्टरलाइट या खासगी कंपनीला विकले, तेव्हा कामगारांनी ६७ दिवस संप केला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १० डिसेंबर २००१ रोजी निकाल लागला: विक्री हा सरकारच्या आर्थिक धोरणाचा भाग आहे, त्याआधी कामगारांचं म्हणणं ऐकलंच पाहिजे असा त्यांचा हक्क नाही.

पण विक्रीच्या करारात काय लिहिलं जातं यावर युनियनचं वजन पडू शकतं. कपातबंदी किती काळाची, पीएफ ट्रस्टचं काय, निवृत्तांच्या औषधोपचाराचं काय. हे करार सही व्हायच्या आधीच मागायचं असतं. माझ्या मते युनियनची अर्धी ताकद इथे लागली पाहिजे, आणि दुर्दैवाने ती बहुतेक वेळा फाटकावरच्या घोषणांत संपते.

४. व्हीआरएस आणि कपात यात काय फरक? साहेब म्हणतात दोन्ही एकच.

एकच नाहीत. व्हीआरएसमध्ये तुम्ही स्वतः अर्ज करता, रक्कम सहसा बरीच जास्त असते, पण नंतर ‘मला काढलं’ असं म्हणता येत नाही.

कपातीत मालक काढतो. त्यासाठी एक महिन्याची नोटीस किंवा तितका पगार, आणि प्रत्येक पूर्ण वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार ही किमान भरपाई आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या. त्यानुसार कारखान्यात ३०० किंवा जास्त कामगार असतील तर कपातीआधी सरकारची परवानगी लागते. जुन्या कायद्यात हा आकडा १०० होता, म्हणजे भोसरीतल्या दोनशे कामगारांच्या कारखान्यात आता ती आडकाठी उरलेली नाही. सर्वांत शेवटी आलेला आधी जातो हा नियम आजही आहे. वर्षभरात पुन्हा भरती निघाली तर कपात झालेल्यांना पहिली संधी द्यावी लागते.

५. व्हीआरएसमध्ये नक्की किती पैसे मिळतात?

केंद्र सरकारच्या कंपन्यांत दोन पद्धती जास्त चालतात. लोक ‘गुजरात पॅटर्न’ म्हणतात ती पहिली: झालेल्या प्रत्येक वर्षासाठी ३५ दिवसांचा पगार, अधिक निवृत्तीला उरलेल्या प्रत्येक वर्षासाठी २५ दिवसांचा. दुसरीत झालेल्या प्रत्येक वर्षासाठी ४५ दिवसांचा पगार. दोन्हींत मर्यादा एकच: निवृत्तीपर्यंत जेवढा पगार मिळाला असता त्यापेक्षा जास्त मिळत नाही.

मूळ पगार आणि डीए (महागाई भत्ता) मिळून ६०,००० रुपये, २८ वर्षं पूर्ण, ५ वर्षं बाकी असं धरा. गुजरात पॅटर्नने २८ × ३५ म्हणजे ९८० दिवस, आणि ५ × २५ म्हणजे १२५. एकूण १,१०५ दिवस. आता दिवसाचा पगार काढताना महिन्याला ३० ने भागलं तर २२,१०,००० रुपये होतात. २६ ने भागलं तर २५,५०,०००. एका आकड्याने ३,४०,००० चा फरक पडला! योजनेच्या परिपत्रकात तो भागाकार कुठे लिहिला आहे ते बोट ठेवून वाचा.

याच माणसाची ५ ऐवजी २ वर्षं बाकी असती, तर हिशेब २०,६०,००० पर्यंत गेला असता, पण २४ महिन्यांचा पगार १४,४०,०००, म्हणून हातात तेवढेच आले असते. निवृत्ती जवळ आलेल्यांनी हे पाहिल्याशिवाय अर्ज करू नये.

ग्रॅच्युइटी, रजेचे पैसे आणि पीएफ याच्या वेगळे. ग्रॅच्युइटीचा हिशेब: शेवटचा पगार × १५ ÷ २६ × वर्षं. सहा महिन्यांहून जास्त झालेलं वर्ष पूर्ण धरतात. ६०,००० पगार आणि २८ वर्षं ७ महिने नोकरी असेल तर २९ वर्षं धरून सुमारे १०,०३,८४६ रुपये होतात. ती ३० दिवसांत मिळायला हवी, नंतर व्याज द्यावं लागतं.

६. भीतीपोटी व्हीआरएसचा फॉर्म भरला. आता मागे घेता येईल का?

कंपनीने अजून मंजुरी दिली नसेल तर आजच लेखी मागे घ्या आणि पोच घ्या. राष्ट्रीयीकृत बँकांच्या व्हीआरएसवरून २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की योजना हे फक्त आमंत्रण असतं, कामगाराचा अर्ज हा प्रस्ताव असतो, आणि तो स्वीकारला जाईपर्यंत मागे घेता येतो. पण मंजुरीनंतर पैसे घेतले, वापरले, आणि मग ‘नको’ म्हटलं तर चालत नाही.

योजनेच्या खिडकीची मुदत आधी पाहा. बीएसएनएलच्या २०१९ च्या योजनेत ४ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर एवढाच वेळ होता. एका महिन्यात सुमारे ७८,००० जणांनी अर्ज केले आणि ३१ जानेवारी २०२० रोजी ते बाहेर पडले.

७. सही करण्याआधी कोणते कागद हातात हवेत?

हा प्रश्न लोक सर्वांत उशिरा विचारतात, म्हणून याचं उत्तर सर्वांत मोठं.

मागच्या पावसाळ्यात एक गृहस्थ आले. भिजू नये म्हणून दुधाच्या पिशवीत गुंडाळलेले कागद त्यांनी टेबलावर मांडले. सर्व्हिस बुकात जन्मवर्ष एक, आधारवर दुसरं. पीएफच्या नोंदीत आडनाव एका अक्षराने चुकलेलं. कंपनी चालू होती तोवर या दुरुस्त्या एका अर्जाने झाल्या असत्या. आता आस्थापना विभागात दोनच माणसं उरली होती आणि शिक्का कुणाच्या कपाटात आहे हेही त्यांना ठाऊक नव्हतं. आठ महिने गेले.

म्हणून खात्यात माणसं आहेत तोवर हे करून घ्या. सर्व्हिस बुकाची प्रत, शेवटच्या वर्षभराच्या पगाराच्या स्लिपा, शिल्लक रजेचा दाखला, यूएएनवर (पीएफच्या कायम क्रमांकावर) नाव-जन्मतारीख-वारस बरोबर आहेत याची खात्री, सोसायटीच्या कर्जाचा ताळेबंद. कंपनीच्या दवाखान्यात जुने उपचार झाले असतील तर त्यांच्या नोंदीसुद्धा.

आणि ‘फुल अँड फायनल’चा कागद. मी स्वतः सत्तावीस वर्षांनंतर ज्या दिवशी बाहेर पडलो, त्या दिवशी रांगेत उभं राहून ‘माझी सर्व देणी मिळाली, कोणताही दावा शिल्लक नाही’ या ओळीखाली न वाचता सही केली. मागे अजून वीस माणसं होती, टेबलावरचा माणूस घाई करत होता. रजेच्या पैशात चूक होती, ती घरी आल्यावर दिसली. ती सही आजही सलते. रक्कम पटत नसेल तर सहीच्या वर ‘रक्कम हरकतीसह स्वीकारली’ असं लिहा, तारीख टाका आणि मोबाइलवर फोटो काढा.

८. व्हीआरएस घेतल्यावर जुनी थकलेली पगारवाढ मागता येते का?

जवळजवळ नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये सांगितलं की व्हीआरएसची रक्कम घेऊन माणूस बाहेर पडला की मालक-कामगार हे नातंच संपतं आणि मागाहून पगारवाढीचा दावा उरत नाही. वेतन कराराची बोलणी चालू असतील तर ‘पुढे वेतनवाढ झाली तर फरक मिळेल’ असं योजनेतच लिहिलंय का ते पाहा. तोंडी आश्वासनावर जाऊ नका.

९. माझं पेन्शन काय होणार?

पीएफ असलेल्यांना ईपीएस-९५ चं, म्हणजे पीएफला जोडलेल्या १९९५ च्या पेन्शन योजनेचं, पेन्शन असतं. सूत्र सोपं: पेन्शनपात्र पगार × वर्षं ÷ ७०. पगाराची मर्यादा १५,००० धरली आणि ३० वर्षं झाली तर सुमारे ६,४२९ रुपये. सप्टेंबर २०१४ पासून किमान पेन्शन १,००० आहे. त्यात औषधंसुद्धा येत नाहीत हे आम्हाला माहीत आहे, आणि ते वाढावं म्हणून आम्ही मोर्चात जातो.

दहा वर्षं झाली असतील तर ५८ व्या वर्षी पूर्ण पेन्शन. ५० नंतर आधीही घेता येतं, पण दर वर्षामागे ४ टक्के कायमचे कापले जातात. ५३ ला घेतलं तर २० टक्के कमी, मरेपर्यंत. हातात दुसरं काही नसेल तरच घ्या. दुसरी नोकरी लागली तर यूएएन तोच द्या, सेवा जोडली जाते. कंपनीचा स्वतःचा पीएफ ट्रस्ट असेल तर विक्रीनंतर तो कोण चालवणार हे लेखी विचारा.

१०. या पैशांवर आयकर किती बसतो?

व्हीआरएसच्या रकमेत ५ लाखांपर्यंत सूट, तीही आयुष्यात एकदाच. योजना आयकराच्या नियमांत बसणारी हवी. कपातीच्या भरपाईलाही ५ लाखांची मर्यादा आहे. ग्रॅच्युइटी २० लाखांपर्यंत आणि बिगर-सरकारी कर्मचाऱ्यांचे रजेचे पैसे २५ लाखांपर्यंत करमुक्त. सरकारी कंपनीचा कामगार इथे सहसा ‘सरकारी’ धरला जात नाही. सूट घेतली तर त्याच रकमेवर मागच्या वर्षांत विभागून मिळणारा दिलासा पुन्हा घेता येत नाही, हे बरेच लोक चुकवतात.

११. मिस्टरांना एकदम पंचवीस लाख मिळाले. नातेवाईक म्हणतात फ्लॅट घ्या, मुलगा म्हणतो धंद्यात घाला. काय करावं?

ताई, सहा महिने कोणालाच ‘हो’ म्हणू नका. एवढी रक्कम खात्यात आली की सख्खे-चुलत सगळे योजना घेऊन येतात.

एक मुदत मात्र चुकवू नका. ज्येष्ठ नागरिक बचत योजना ६० नंतरची असली तरी व्हीआरएस घेतलेला माणूस ५५ व्या वर्षापासून त्यात पैसे ठेवू शकतो, अट एवढीच की निवृत्तीचे पैसे हाती आल्यापासून तीन महिन्यांत खातं उघडावं. मर्यादा ३० लाख, आणि निवृत्तीच्या मिळालेल्या रकमेपुरतीच. दर तीन महिन्यांनी व्याज हातात येतं. वय ५५ पेक्षा कमी असेल तर पोस्टाची मासिक उत्पन्न योजना आहे: एकट्याला ९ लाख, जोडखात्यावर १५ लाखांपर्यंत. आधी घर चालेल एवढं यात टाका, मग उरलेल्याचा विचार करा.

१२. मी कंत्राटी आहे. बावीस वर्षं त्याच खात्यात झाडू मारला. मला काही मिळणार का?

व्हीआरएस योजनेत तुमचं नाव नसतं. हे लिहिताना हात जड होतो, कारण आमच्याकडे येणाऱ्यांत सर्वांत रिकाम्या हाताने जाणारी माणसं हीच. कायम कामगार गेल्यावर त्यांच्या निरोपाचे पेढे वाटले गेले. कंत्राटी बायकांना फाटकावर दुसऱ्या दिवसापासून ‘येऊ नका’ एवढंच सांगितलं गेलं.

तरी काहीच नाही असं नाही. थकीत मजुरी कंत्राटदाराने दिली नाही तर मूळ मालकाला, म्हणजे कंपनीला, ती द्यावी लागते. पीएफ कापला असेल तर तो तुमचाच. एका कंत्राटदाराकडे पाच वर्षं झाली असतील तर ग्रॅच्युइटीचा हक्क लागतो. खरी गोची कंत्राटदार बदलण्यात आहे. दर दोन-तीन वर्षांनी नवी फर्म आली, माणूस तोच, झाडू तोच, पण कागदावर सेवा नव्याने सुरू. म्हणून जुने गेटपास, हजेरी कार्ड, पीएफचे मेसेज, बँक पासबुकातल्या पगाराच्या नोंदी, हे सगळं जपा. एका बाईंनी बावीस वर्षांचे सगळे गेटपास डब्यात जपले होते, रंग उडालेले, कोपरे कुरतडलेले. त्यांची सलग सेवा सिद्ध करायला आमच्याकडे दुसरा पुरावाच नव्हता. ईएसआयसाठी (कर्मचारी राज्य विमा) पुढचा प्रश्न पाहा.

१३. ईएसआय होतं. नोकरी गेली की सगळं बंद होतं का?

लगेच नाही. ज्यांचा पगार २१,००० पर्यंत आहे ते ईएसआयमध्ये येतात, कंत्राटी कामगारही. बेरोजगारीसाठी दोन योजना आहेत. अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेत सरासरी मजुरीच्या ५० टक्के, जास्तीत जास्त ९० दिवस, आयुष्यात एकदा. राजीव गांधी श्रमिक कल्याण योजनेत कपात किंवा कारखाना बंद झाल्यावर पहिले १२ महिने ५० टक्के आणि पुढचे १२ महिने २५ टक्के. पण दोन्ही योजनांत व्हीआरएस चालत नाही, कारण ती ‘स्वेच्छा’ धरली जाते. व्हीआरएसचा अर्ज करताना हा तोटाही मोजा.

व्हीआरएस घेतलेल्याला दुसरा आधार आहे: पाच वर्षं विमा असेल तर वर्षाला १२० रुपये भरून नवरा-बायको दोघांना उपचार चालू ठेवता येतात. बिबवेवाडीच्या ईएसआय रुग्णालयात जाताना भरल्याची पावती बरोबर न्या.

१४. क्वार्टर कधी सोडावं लागेल?

योजनेच्या परिपत्रकात मुदत असते. एअर इंडियाच्या कर्मचाऱ्यांना विक्री पूर्ण झाल्यापासून सहा महिने किंवा जागेची विक्री, यातलं जे आधी होईल तोवर, अशी मुदत दिली होती. मुलांची शाळा चालू असेल तर मुदतवाढीचा अर्ज मुदत संपायच्या आधी करा. नंतर दंडाचं भाडं लागतं आणि ते देण्यांतून कापलं जातं.

१५. मी सुपरवायझर होतो. हे कायदे मला लागू आहेत?

पद नाही, काम आणि पगार पाहतात. देखरेखीचं काम आणि वेतन महिना १८,००० पेक्षा जास्त असेल तर औद्योगिक संबंध संहितेत तुम्ही ‘कामगार’ नाही. म्हणजे कपातीचं संरक्षण आणि कामगार न्यायाधिकरण नाही. ग्रॅच्युइटी आणि पीएफ मात्र तुमचेही आहेत.

१६. तक्रार कुठे करायची? राज्याच्या कामगार कार्यालयातून परत पाठवलं.

केंद्र सरकारची कंपनी असेल तर केंद्रीय कामगार आयुक्तांच्या अखत्यारीतलं कार्यालय लागतं, राज्याचं नाही. या गोंधळात लोकांचे महिने जातात. नव्या संहितेत एक चांगली तरतूद आहे: सरकारचा हिस्सा ५० टक्क्यांच्या खाली गेला तरी अशा कंपनीसाठी केंद्र सरकारच ‘योग्य सरकार’ राहतं, म्हणजे वाद केंद्राच्याच कार्यालयात जातो. कामावरून काढल्याचा वाद दोन वर्षांच्या आत नेला पाहिजे, पूर्वी तीन वर्षं होती. पीएफसाठी पिंपरी-चिंचवडकरांनी आकुर्डीच्या कार्यालयात जावं.

१७. खासगीकरणानंतर हायकोर्टात रिट करता येतं का? आरक्षणाचं काय?

मे २०२४ मध्ये एअर इंडियाच्या कर्मचाऱ्यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की कंपनी सरकारी होती तेव्हा दाखल केलेली याचिकासुद्धा खासगीकरणानंतर टिकत नाही, कारण कंपनी आता घटनेच्या अर्थाने ‘राज्य’, म्हणजे सरकारी संस्था, राहिलेली नाही आणि रिट सहसा अशा संस्थेविरुद्धच चालतं. बढती, वेतनवाढ थकलेली असेल तर विक्रीच्या आधीच निकाली काढायचा प्रयत्न करा. आरक्षणही सरकारी कंपनीपुरतंच असतं, नव्या मालकाच्या भरतीला ते लागत नाही. ज्या घरांत पहिल्या पिढीला कायम नोकरी कंपनीमुळे मिळाली, त्यांच्या मुलांसाठी हे दार बंद होतं. या नुकसानीचा हिशेब कुठल्याच परिपत्रकात नसतो.

१८. वय बावन्न. आता नवीन काम कोण देणार?

कपात झालेल्या कामगाराला पुनःकौशल्य निधीतून १५ दिवसांच्या पगाराएवढी रक्कम ४५ दिवसांत खात्यात मिळाली पाहिजे. मागा. लोकांना माहीतच नसतं.

 धंद्यासाठी केंद्राच्या पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात वयाची वरची मर्यादा नाही. जिल्हा उद्योग केंद्रात त्याची चौकशी करा. आमच्यातल्या एका फिटरने कंपनीतल्या कॉम्प्रेसरच्या अनुभवावर चाकणच्या छोट्या वर्कशॉपची देखभाल घेतली. नवीन काही शिकला नाही, जे येत होतं तेच नव्या दारी नेलं.

१९. नोकरी गेल्यापासून हे घरात बोलतच नाहीत. सकाळी सहाला उठून डबा मागतात.

असं खूप घरांत होतं. तीस वर्षांची पहिल्या पाळीची सवय एका सहीने जात नाही. दोन-तीन आठवडे असू द्या, पण जेवण तुटलं, झोप गेली, ‘मी असून काय उपयोग’ असं बोलणं निघालं तर वाट पाहू नका. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास मोफत आहे, मराठीत बोलतात. आणि रविवारी त्यांना आमच्याकडे पाठवा. कागद नसले तरी चालेल, चहा असतो.

२०. कंपनीकडे पैसेच नाहीत. मग देणी कोण देणार?

सरकारी कंपनी असेतोवर सरकारवर दबाव टाकता येतो. जुलै २०१९ मध्ये केंद्राने पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्ससह सरकारी औषध कंपन्यांच्या थकीत पगार आणि व्हीआरएससाठी ३३०.३५ कोटींचं कर्ज मंजूर केलं. १९५४ साली स्थापन झालेल्या त्या पेनिसिलिनच्या कारखान्यातल्या कितीतरी घरांत पगाराची वाट पाहण्यात वर्षं गेली होती.

विक्रीनंतर कंपनी दिवाळखोरीत गेली तर कामगारांची २४ महिन्यांची देणी तारण असलेल्या बँकांच्या बरोबरीने धरली जातात, अधिकाऱ्यांची १२ महिन्यांची आणि त्यांच्या मागून. पीएफ, पेन्शन आणि ग्रॅच्युइटी निधीची रक्कम लिलावाच्या मालमत्तेत धरतच नाहीत. दिवाळखोरीचा दावा मांडायला मुदत असते. जाहीर सूचना वर्तमानपत्रात येते, ती आली की त्याच आठवड्यात पगाराच्या स्लिपा (प्रश्न ७) घेऊन आमच्याकडे या, फॉर्म आम्ही भरून देतो.